लेकरांचा श्वास आणि गावाचा ठराव

(आंबागड, ता. तुमसर येथील विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



वर्धापन दिनाच्या व्याख्यानाला इतिहास, धम्म, शिक्षण, व्यसनमुक्ती असे विषय असतात. यंदा समितीने आम्हांला लहान मुलांच्या दम्यावर बोलायला सांगितले, तेव्हा दोघा-चौघांनी सरळ विचारले की हा तर दवाखान्याचा विषय, विहारात कशाला? प्रश्न रास्त आहे. दम्याची गोळी, दम्याचा पंप, दम्याचा डॉक्टर हे सारे दवाखान्यातच असते. पण ज्या धुराने लेकराची छाती आवळते तो धूर दवाखान्यात नसतो. तो घरात असतो, गल्लीत असतो, शाळेच्या मागच्या चुलीवर असतो, डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्या उघड्या ट्रकच्या मागे असतो, आणि थोडा ह्या विहारातही असतो. तिथला बंदोबस्त कोणी डॉक्टर करणार नाही. तो ग्रामसभेत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत आणि जरूर पडली तर कोर्टात होतो. म्हणून हा विषय आपला आहे.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. तुमसर तालुक्यातल्या काही शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई आणि विहारांत नेहमी येणारे थोडे तरुण, एवढेच. आमच्यात छातीचा डॉक्टर एकही नाही. तेव्हा औषध कोणते द्यावे हे आम्ही सांगणार नाही, ते डॉक्टरने सांगावे. आम्ही धुराबद्दल बोलणार.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या फुफ्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या. दम्याच्या लेकराच्या ह्या नळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्या आणि चिडक्या असतात. धूर, धूळ, सर्दी, ओल किंवा थंड हवा लागली की त्या आवळतात, आत चिकट बेडका होतो आणि हवा बाहेर पडताना शीळ वाजल्यासारखी घरघर होते. रात्री दोन-तीन वाजता खोकल्याची उबळ, पळाल्यावर धाप, प्रत्येक सर्दी छातीत उतरणे, ही त्याची खूण. हा टीबी नव्हे, हा एकमेकांपासून लागत नाही, आणि मागच्या जन्मीचे वगैरे तर काहीच नव्हे. लहान लेकरांत सर्वांत जास्त झटके साध्या विषाणूच्या सर्दीने येतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळा दोष धुराचा नाही. पण ज्या लेकराची नळी धुराने आधीच सुजलेली आहे, त्याला तीच सर्दी दवाखान्यात नेते.

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. म्हणजे आपल्याकडे दमा फार आहे असे नव्हे. आपल्याकडे दम्याने मरणे फार आहे. रोग ओळखला जात नाही, ओळखला तर नाव घेतले जात नाही (पोरगी असेल तर लग्नाची भीती), आणि औषध म्हणून खोकल्याची बाटली किंवा इंजेक्शन चालू राहते. पंपाची तर लोकांना विनाकारण धास्ती. 'पंप म्हणजे शेवटचे औषध, एकदा लागला की सुटत नाही' असे आम्ही गावोगाव ऐकले. हिशेब पाहा. सालब्युटामॉलच्या एका लहान गोळीत २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते सबंध अंगभर फिरते. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असते आणि ते थेट छातीत जाते. गोळीला कोणी भीत नाही, पंपाला सारे भितात! लहान लेकराला पंप ओढता येत नाही, त्यासाठी स्पेसर नावाची नळकांडी लागते. ती महाग पडते म्हणून आया सोडून देतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या बालरोगतज्ज्ञांनी ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचे भोक पाडून स्पेसर केला, मुलांवर रीतसर तपासला आणि तो विकतच्या स्पेसरइतकाच चालतो असे १९९९ साली दाखवून दिले. ही युक्ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईला यायला पाहिजे.

सरकारी कागदावर व्यवस्था आहेसुद्धा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत जी डॉक्टरांची गाडी येते, तिने तपासायच्या आजारांच्या यादीत श्वासनलिकेचा हा आजार नावानिशी आहे. गाडी येते, वजन-उंची घेते, दात पाहते, डोळे पाहते. रात्री खोकला येतो काय, हा एक प्रश्न आईला विचारला जातो काय, हे आपण शाळा व्यवस्थापन समितीत बसून पाहू शकतो. त्याला पैसा लागत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. गडाच्या पायथ्याचे हे गाव. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या अमलात राजाखान पठाणाने बांधलेला तो गड आपण रोज पाहतो. हिवाळ्यात सकाळी त्या गडावर चढून खाली पाहा. घराघरातून निघालेला धूर वर जात नाही, आडवा पसरतो आणि गावावर पांढऱ्या चादरीसारखा पडून राहतो. थंड हवा जड असते, ती जमिनीशी बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही. नेमके त्याच वेळी लेकरे शाळेत निघालेली असतात. शहरातल्या लोकांना वाटते प्रदूषण म्हणजे दिल्ली-मुंबई, खेड्यात काय शुद्ध हवा! सरकारलाही तसेच वाटत असावे. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला तो शहरांसाठी. आपल्या विदर्भातून नागपूर, चंद्रपूर अशी नावे त्यात आली. खेडे एकही नाही. हवा मोजायचे यंत्रच नाही तर खराब हवा कागदावर येईल कुठून?

वर्षाचा फेरा डोळ्यांपुढे आणा. फाल्गुन-चैत्रात मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आग कधी कधी जंगलात शिरते. मग तेंदूपत्त्याचा हंगाम. उन्हाळ्यात विटांच्या भट्ट्या. पावसाळ्यात ओल, भिंतीवर बुरशी, ओले सरपण आणि डासांसाठी कासवछाप अगरबत्ती. कार्तिकात फटाके. त्याच सुमारास धान कापणी, मळणी यंत्राची धूळ, तणसाची धूळ, मग राईस मिलची धूळ. तुमसर धानाच्या बाजाराचे गाव आहे, मिलशिवाय आपले पोट चालत नाही, हेही तितकेच खरे. पौषात शेकोटी. ह्या सगळ्यांवर बारमाही चूल आणि बारमाही विडी. आणि डोंगरी बुजुर्ग, चिखला, सीतासावंगी हा आपला मॅंगनीजचा पट्टा. शंभर वर्षांहून जास्त काळ इथली माती उकरून देशोदेशी गेली.

डासांच्या अगरबत्तीबद्दल थोडे थांबतो, कारण हा धूर लोकांना धूरच वाटत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बाजारातल्या कॉइल जाळून पाहिल्या. एका कॉइलमधून जितके बारीक धूलिकण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यावर निघतात असे आढळले. दार-खिडकी लावून, पाळण्याखाली कॉइल ठेवून आपण झोपतो. बाप विडी बाहेर ओट्यावर ओढतो म्हणून आई समाधानी, आणि आत रात्रभर ही जळत राहते. मच्छरदाणी बरी. मच्छरदाणीला धूर नाही.

चुलीबद्दल बोलताना मात्र सांभाळून बोलले पाहिजे. शहरातून आलेले पाहुणे भाषण करतात की मातांनो, चूल सोडा, गॅस वापरा. जणू काही बाईला धूर खायची हौस आहे! उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि पुष्कळ घरांत शेगडी आली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली फक्त ४३ टक्के घरे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी निघाली. शेगडी फुकट मिळाली, सिलिंडर फुकट मिळत नाही. रोजगार नसलेल्या महिन्यात सिलिंडर कोपऱ्यात उभा राहतो आणि चूल पेटते. तेव्हा दम्याच्या लेकराच्या आईला दोष देणे आम्हांला मुळीच मान्य नाही. मागणी करायची ती भरलेल्या सिलिंडरच्या किमतीवर. तोवर निदान धुराडे असलेली चूल, वाळलेले सरपण, आणि स्वयंपाक चालू असताना लेकरू दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल तर? मग घरकुलाच्या यादीत त्या घराचे नाव वर आले पाहिजे, आणि ते आणणे हे आपले काम.

विडीचा प्रश्न ह्याहून अवघड. भंडारा-गोंदियाच्या कित्येक घरांत मायबहिणींनी विड्या वळून पोरे शिकवली. आज व्यासपीठावर बसलेल्यांतल्या काहींची फी त्याच सुपातून गेली. सुपात तंबाखू, बाजूला ओली पाने, आणि मांडीला लागून झोपलेले बाळ. तंबाखूची भुकटी घरभर. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, पण घरी बसून वळणाऱ्या बाईचे घर हाच कारखाना आणि त्या कारखान्याला खिडकी किती, हे पाहायला कोणी आले नाही. विडी बंद करा म्हणणे सोपे आहे. त्या बाईला दुसरे काम कोण देणार? आमचे म्हणणे एवढेच की गावात वळायला एक हवेशीर शेड असावी, तंबाखू राहत्या खोलीत नसावी. समाजमंदिराची पडवी दिवसा रिकामी असते. आमच्यातच ह्यावर दोन मते आहेत. विहाराच्या आवारात तंबाखू आणू नये असे काहींचे मत आहे, आणि तेही टाकाऊ नाही. समितीने ठरवावे.

आता दुसऱ्यांनी काय केले ते पाहू. न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाची वस्ती आहे, काळ्या लोकांची. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या चळवळीवरून, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या हार्लेममध्ये लेकरांचा दमा भयंकर. शहराच्या मॅनहॅटन भागातल्या आठ डिझेल बस-आगारांपैकी सहा ह्यांच्याच बाजूला उभे केलेले. १९८८ साली तिथल्या रहिवाशांनी 'वी अ‍ॅक्ट' नावाची संघटना काढली होती, सांडपाण्याच्या कारखान्याच्या वासाविरुद्ध. पुढे तिने बसचा धूर हाती घेतला. १९९६ च्या उन्हाळ्यात वस्तीतली हायस्कूलची पोरे कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर चौकाचौकात उभी राहिली. वही घेऊन बस मोजल्या, ट्रक मोजले, पायी चालणारी माणसे मोजली, आणि अंगावर यंत्र बांधून आपण किती धूर ओढतो तेही मोजले. दुसऱ्या वर्षी संघटनेने बसथांब्यांवर जाहिराती लावल्या की ह्या भागात राहत असाल तर श्वास आपल्या जबाबदारीवर घ्या. बस कंपनीची नाचक्की झाली. लढा लांबला, तक्रारी झाल्या, शेवटी शहराच्या बस-व्यवस्थेला कमी गंधकाचे डिझेल, धूर गाळणारी यंत्रे आणि हायब्रिड बस ह्यांकडे वळावे लागले. आम्हांला ह्यात सगळ्यांत मोलाची वाटते ती त्या पोरांची वही. आपली वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला असते आणि उकिरडा कोणत्या टोकाला असतो, हे सांगायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. पण मोजून लिहून ठेवायला आपण शिकलो पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण माहुलचे. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे तेलशुद्धीकरण कारखान्यांना आणि रसायनांच्या टाक्यांना खेटून हे गाव. स्थानिक रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पाहणी केली, त्यात सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनदा किंवा जास्त वेळा दम लागत असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने इथल्या हवेचा लोकांच्या आरोग्याला धोका आहे असे स्पष्ट म्हटले. एवढे होऊनही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून हजारो गरिबांना त्याच माहुलच्या इमारतींत नेऊन टाकले! लोकांनी ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केले. बाया लेकरे घेऊन बसल्या होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की लोकांना माहुलला राहायला भाग पाडता येणार नाही, दुसरे घर देता येत नसेल तर भाडे द्या. दरमहा १५ हजार रुपये. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. ह्या लढ्यात कोळी होते, झोपडपट्टीतले होते, वकील होते, डॉक्टर होते. एकट्याने कोणालाच हे जमले नसते.

त्याहून जवळचे सांगायचे तर आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यातले नांदगाव. औष्णिक वीज केंद्राची राख तिथल्या तलावात टाकली जात होती. वाऱ्याबरोबर राख शेतात, घरात, ताटात. गावकऱ्यांच्या जोडीला नागपूरच्या आणि बाहेरच्या अभ्यासू संस्था आल्या, त्यांनी पाणी आणि राख तपासली, वर्तमानपत्रांत छापून आणले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री स्वतः तिथे आले आणि राख टाकणे बंद झाले. लगेच जुलैमध्ये खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटून राखेचा लोंढा नदीत गेला, म्हणजे एक तलाव बंद झाल्याने प्रश्न संपला असे नव्हे. चंद्रपूर तर २००९ सालीच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत होते.

आणि एका आईची गोष्ट. लंडनमध्ये एला नावाची नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. रहदारीच्या मोठ्या रस्त्याजवळ घर. तिच्या आईने, रोझामंड किसी-डेब्रा ह्यांनी, मृत्यूच्या कारणाची पुन्हा चौकशी लावून घेतली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने निर्णय दिला की ह्या मृत्यूला हवेचे प्रदूषणही कारण आहे. ब्रिटनमध्ये असे कागदावर येण्याची ती पहिली वेळ. सात वर्षे लागली. आपल्याकडे लेकरू गेले की दाखल्यावर 'श्वास थांबून' असे लिहितात. श्वास थांबल्याशिवाय कोण मरतो? तो का थांबला, ते लिहीत नाहीत.

गावी परत येऊ. खाणीचे नाव काढले की आपल्यात चुळबुळ होते, आणि ते साहजिक आहे. घरोघरी कोणीतरी खाणीत आहे, होता, किंवा लागावा अशी आशा आहे. आम्ही खाण बंद करा असे म्हणत नाही. खाणीत काम करणाऱ्याचे लेकरू धूळ कमी खात नाही, बापाच्या कपड्यावरची धूळ पहिल्यांदा त्याच्याच घरात झटकली जाते. खाण कामगाराच्या तब्येतीचा प्रश्न कायद्याने सोडवायचा असतो हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आजही असा निधी आहे. खाणकायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे ठरले. खाणवाल्यांनी रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे भरायचे आणि ते खाणीने बाधित झालेल्या गावांवर खर्च करायचे. २०२४ च्या सुधारित सूचनांप्रमाणे खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित धरायचा आणि किमान ७० टक्के पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर घालायचा. नकाशावर फूटपट्टी लावा आणि आपले गाव किती अंतरावर पडते ते मोजा. ह्या पैशातून कुठे सभामंडप होतात, कुठे कमानी होतात. त्यातून आरोग्य केंद्रात पंप, स्पेसर आणि नेब्युलायझर का होऊ नयेत? शाळेजवळ हवा मोजायचे एक यंत्र का बसू नये? देशाचे मानक आहे की बारीक धूलिकण चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. आपल्या शाळेपाशी किती आहे?

कायदे वाचले तर हातात पुष्कळ आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा असे २००६ च्या अधिसूचनेत आहे. रस्त्यावर पाणी मारणे, ट्रकवर ताडपत्री बांधणे ह्या अटी अशाच कागदांत सापडतात. तो अहवाल मागा. विटाभट्टी वस्तीपासून किमान ८०० मीटर दूर असावी असे फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार, असा हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. दिल्लीच्या साऱ्या बस डिझेलवरून सीएनजीवर गेल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशाने. आधी लोक म्हणत होते की अशक्य आहे. २००२ संपेस्तोवर झाले.

पण दुसऱ्याच्या धुराचा हिशेब मागायच्या आधी लोक आपल्या धुराकडे बोट दाखवतील. विहारात वर्षावासात तीन महिने रोज सायंकाळी ग्रंथवाचन असते. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, समोर अगरबत्तीचा जुडगाच्या जुडगा, मेणबत्त्यांची रांग, कोपऱ्यात कॉइल, आणि पहिल्या ओळीत लेकरे. खोकला सुरू झाला की आई लेकराला घेऊन बाहेर जाते आणि वाचन तिचे राहून जाते. ह्यावर आमच्याकडच्या एका विहारात बरीच वादावादी झाली. एक आजी म्हणाल्या, 'धूप नाही तर वंदना कायची जी?' एका तरुणाने उलट टोक धरले की हे सगळे कर्मकांडच बंद करा. शेवटी भन्तेजींनी मधला मार्ग काढला. एकच अगरबत्ती, तीही दाराबाहेरच्या कुंडीत, आत फुले आणि एक दिवा. कोणाची श्रद्धा दुखावली नाही आणि खोकणारी लेकरे आत बसून ऐकू लागली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत फटाक्यांच्या माळा आणि जनरेटरचा धूर, हा विषय मात्र तिथेही मिटलेला नाही. आम्ही आपले मत सांगतो, राग आला तर येऊ द्या. माळांचा पैसा वाचनालयात जावा. आणि हा नियम दिवाळीला, लग्नाच्या वरातीला, निवडणुकीच्या विजय मिरवणुकीला, साऱ्या गावाला सारखा असावा. फक्त आपल्यालाच शहाणपण शिकवू नये.

साऱ्या गावाला म्हटले ते मुद्दाम. धूर जात पाहून घरात शिरत नाही. म्हणून ही समिती एकट्या विहाराची असू नये. हनुमान मंदिराचे लोक, गोवारी-गोंड बांधव, मुस्लिम बांधव, बचत गटांच्या बाया, राईस मिलचे हमाल, खाण कामगारांची युनियन, शाळेचे गुरुजी आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर ह्या सर्वांना बोलवावे. मिलमालकालाही बोलवावे, त्याचीही नातवंडे इथेच शिकतात. काही जण येणार नाहीत. आले त्यांच्यासह सुरू करावे.

ग्रामसभा वर्षातून चारदा होते, तिच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते हे कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच होते. १ मेची ग्रामसभा आपल्यासाठी बरी, कारण मेचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन असतो. तोवर दोन महिने लेकरांची वही ठेवायची. कोणत्या घरी रात्री खोकला, किती दिवस शाळा बुडाली, कोणत्या दिवशी काय जळत होते. लेकराचे नाव वहीत लिहायचे नाही, नुसता घराचा क्रमांक, म्हणजे पोरीच्या आईला भीती नको. शाळेसमोरून सकाळी नऊ ते अकरा उघडे ट्रक किती आणि झाकलेले किती गेले, हे आठवी-नववीच्या पोरांनी मोजायचे. रस्त्यापासून दूर, झाडाखाली बसून.

ठरावाचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे, तो वाचून दाखवतो, आणि स्मरणिकेतही छापावा ही विनंती:

'ही ग्रामसभा असे ठरविते की गावात उघड्यावर कचरा, प्लास्टिक व टायर जाळण्यास बंदी राहील. शाळा व अंगणवाडीचा आहार जिथे लाकडावर शिजतो तिथे गॅस देण्यात यावा व सिलिंडरचा खर्च वेळेवर मिळावा. शाळेसमोरून खनिज व राख नेणारी वाहने झाकलेली असावीत, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ती तिथून जाऊ नयेत, आणि रस्त्यावर पाणी मारावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांसाठी दम्याचे पंप व स्पेसर बारमाही असावेत, त्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून तरतूद व्हावी. शाळेजवळ हवा मोजण्याचे यंत्र बसवून रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत.'

ह्यातला शब्द कमी-जास्त करायचा असेल तर आजच सांगा. मसुद्याच्या तीन प्रती केल्या आहेत, एक ग्रामसेवकाकडे पोच घेऊन द्यायची, एक पंचायत समितीला, एक विहारात. वही महिला मंडळाकडे दिली आहे. ट्रक मोजायला कोण बसणार त्या पोरांनी कार्यक्रम झाल्यावर जेवणाआधी नावे द्यावीत.

जयभीम.